जलराजाची पोथी

बसा, चहा टाकलाय. तो उकळेपर्यंत माझी फजिती ऐका. पण अट एकच. हसायचं ते इथंच हसून घ्या, उद्या राजारामपुरीत मी समोरून आले की तोंडाला पदर लावून खिदळायचं नाही. कारण ही माझी फजिती दुसऱ्या कुणी केली नाही. मी स्वतः, स्वतःच्या हातानं, लाल फडक्यात गुंडाळून ती घरात आणली.

मी मराठीची शिकवणी घेते. एका मेडिकलच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर क्लास, आठवी ते दहावी. गणिताला आणि सायन्सला पोरं आपली आपण जातात. मराठीला आईबाप ढकलतात तेव्हा येतात. इतकी वर्षं मी घसा फोडून सांगतेय की पोरींनो, वाचा. अवांतर वाचा, काहीही वाचा. एकीनं वाचलं असेल तर शपथ. आणि गेल्या वर्षी सगळ्या अचानक वाचायला लागल्या की हो!

तुम्हाला वाटेल, बाईंना केवढा आनंद झाला असेल. अहो, कसला आनंद? काय वाचत होत्या ते तरी विचारा.

'जलराज'. भाग एक ते चार. पाचवा येणार येणार म्हणून गाजत होता. तर हा जलराज म्हणजे एका तळ्याच्या तळाशी राहणाऱ्या पुरातन कुळातला राजपुत्र. तो पाण्याबाहेर येतो. आणि कशासाठी येतो? अकरावी सायन्सला ॲडमिशन घ्यायला! तळ्यात काय कमी होतं बाबा तुला? दिसायला देखणा, बोलायला कमी, डोळे निळे. रागावला की केसातून पाणी ठिबकतं. मिठाचा कण अंगाला लागला की फोड येतात. त्याच्या शेजारच्या बाकावर अन्वी नावाची मुलगी बसते आणि चार भाग झाले तरी ती त्याला 'तू नक्की कोण आहेस?' एवढंच विचारत असते. अगं बाई, त्याच्या केसातून पाणी गळतंय. तो काय कोरड्या गावचा असणार आहे का?

पण पोरी वेड्या झाल्या. डाव्या मनगटाला निळा दोरा, कारण अन्वी बांधते. रविवारी अळणी जेवण, कारण जलराज रविवारी पाण्याबाहेर येतो आणि त्याला मीठ चालत नाही. आता रविवारी आपल्या कोल्हापुरात काय शिजतं ते मी तुम्हाला सांगायला नको. पोरी तांबडा रस्सा बाजूला सारून कोरा भात चिवडत बसायला लागल्या. एका पोरीच्या वाढदिवसाला चौकात फ्लेक्स लागला, वर जलराज आणि खाली गॉगल घातलेले तिचे सगळे चुलतभाऊ. 'माझा आवडता ऋतू' हा निबंध घातला तर निम्म्या वर्गाला पावसाळा आवडत होता, का, तर जलराजला त्या दिवसांत बरं वाटतं.

मला संताप आला. आणि आता घरचीच माणसं बसलाय म्हणून सांगते, संतापात निम्मा मत्सर होता. मी जन्म घालवला पोरींच्या हातात पुस्तक द्यायला, आणि हा ओला पोरगा चार महिन्यांत ते करून मोकळा झाला.

मी वर्गात जाहीर केलं की हे पुस्तक दिसलं की जप्त, आणि पालकसभेत मी ह्याची एकेक ओळ सोलून दाखवणार. आमची सई नववीत आहे, माझ्याच क्लासला बसते. तिला घरात वेगळं बजावलं. असली पुस्तकं वाचायला डोकं लागत नाही, उलट असलेलं काढून ठेवावं लागतं, असंसुद्धा म्हटलं. त्या दिवशी तिनं आमटी बाजूला सारून अळणी भात खाल्ला.

मग एका पोरीच्या दप्तरातून भाग एक जप्त केला आणि दुपारी लाल पेन घेऊन सोलायला बसले. पहिल्या पानावर बऱ्याच खुणा केल्या. दुसऱ्यावर थोड्या कमी केल्या. नंतर कधीतरी पेनाचं टोपण लावलं असणार, कारण चहा गार झाला होता आणि अन्वी त्याच्या मागोमाग तळ्याकडं निघाली होती. अहो, पुढं काय झालं ते कळायला नको का? टीका करायची म्हणजे पूर्ण वाचायला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी मी क्लासमध्ये सगळी दप्तरं तपासली. शिस्त म्हणून हं! भाग दोन मिळाला.

आता घरात एक अडचण होती. आमच्या सासूबाई, त्यांना आम्ही आत्ती म्हणतो, त्या कुरुंदवाडहून मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आमच्याकडं आल्या होत्या. एक डोळा झाला होता, दुसऱ्याचा मोतीबिंदू पिकलेला. तोही लगेच करून टाकू, फार लांबवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. वाचायचा चष्मा दोन्ही डोळे झाल्यावर मिळणार. तोवर आत्तींना लांबचं दिसायचं, पण हातातलं अक्षर काही लागायचं नाही. सकाळ-संध्याकाळ पोथी वाचणारी बाई ती. दिवसभर हॉलमध्ये बसून कंटाळून गेली होती.

आणि पुस्तकाच्या कव्हरवर ओल्या शर्टातला जलराज, हा एवढा मोठा. सई कधी टपकेल त्याचा नेम नाही. म्हणून मी काय केलं, देवघरातलं पोथीचं एक जादा लाल फडकं होतं, त्यात पुस्तक गुंडाळून वाचायला लागले. म्हटलं, आपल्याच घरात कोण विचारणार?

आत्तींनी विचारलं. लाल रंग तेवढा त्यांना दिसला होता.

"पोथी वाचतीस व्हय गं?"

इथं मी खरं बोलले असते तर ही गोष्ट इथंच संपली असती आणि तुम्ही चहा पिऊन घरी गेला असता. पण मराठीची बाई, जप्त केलेलं पुस्तक, काय सांगणार? मी म्हटलं, "व्हय."

आत्तींचा चेहरा असा काही फुलला म्हणता! लग्न होऊन आल्यापासून ह्या सुनेनं कधी पोथीला हात लावला नव्हता. त्या सरसावून बसल्या. "मग मोठ्यानं वाच की. माझ्याबी कानावर पडू दे."

आता आली का पंचाईत. पुढ्यातल्या पानावर काय लिहिलंय, तर जलराज स्कूटरवरून कॉलेजच्या कँटीनला येतो आणि त्याला बघून अन्वीच्या काळजाचा ठोका चुकतो. मी आवाज जरा नाकातून काढला आणि सुरू केलं. "मग तो जलदेव वाहनावर आरूढ होऊन अन्नछत्रापाशी प्रगट झाला. त्याचे तेज पाहून अन्वी भक्तीने थरथरली."

"बरं बरं," आत्ती हात जोडून म्हणाल्या.

झालं, गाडी रुळावर आली. फिजिक्सचा तास बुडवून दोघं तळ्यावर जातात, ते मी विद्या सोडून तपाला गेली असं केलं. त्यानं मोबाईलवर पाठवलेला मेसेज म्हणजे दृष्टांत. जिथं जिथं तो तिला जवळ घेतो तिथं देवानं मस्तकावर हात ठेवला. काही पानांवर तर देवाचा हात मस्तकावरून निघायलाच तयार नव्हता, ती पानं मी गाळली.

आत्तींनी मधेच एकदा विचारलं, हा देव कुठला. मी म्हटलं, पाण्यातला. त्यांनी क्षणभर विचार केला. कुरुंदवाड म्हणजे कृष्णा-पंचगंगेच्या संगमालगतचं गाव. "म्हंजी आमच्याकडचाच की," त्या म्हणाल्या आणि प्रश्न मिटवून टाकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सई शाळेत गेल्यावर मी बघते तर हॉलमध्ये पाट मांडलेला, पुढं रांगोळी, आणि समोरच्या फ्लॅटमधल्या मगदूमकाकू पदर घेऊन बसलेल्या. आत्तींनी बोलावलं होतं. तिसऱ्या दिवशी मगदूमकाकूंची जाऊ आली. मग वरच्या मजल्यावरच्या, मग खालच्या, मग पलीकडच्या गल्लीतल्या. चपला जिन्यापर्यंत गेल्या. कुणी नारळ ठेवतंय, कुणी खडीसाखर. एकजण तर वाकून माझ्या पाया पडली. ती माझ्यापेक्षा वयानं मोठी होती हो, मला दरदरून घाम फुटला.

आणि आपल्या बायका नुसत्या ऐकून थोड्याच उठतात? देवाचं कायतरी केलं पाहिजे. देवाला मीठ चालत नाही, देव रविवारी पाण्याबाहेर येतो, हे मीच माझ्या तोंडानं वाचलेलं. मग ठरलं. रविवारी अळणी, रविवारी मटण बंद. अख्ख्या बिल्डिंगीत! पुरुषमाणसं दुपारी जिन्यात उतरलेल्या तोंडानं उभी राहायला लागली. आमचे हे शांत माणूस, पण तेही एकदा म्हणाले, "कोल्हापुरात येऊन मटण बंद करायला लावणारा हा देव आहे तरी कुठल्या गावचा?" मी म्हटलं, श्रद्धेत असं विचारायचं नसतं.

मग दोरा. भक्त ओळखू यावा म्हणून अन्वी निळा दोरा बांधते, हेही मी भक्तिभावानं वाचून बसले होते. आत्तींनी सगळ्यांच्या मनगटाला बांधला. माझ्याही. सईला वाटलं आजी तिच्या बाजूची झाली, ती आनंदानं आजीला मिठी मारून आली. आणि त्याच आठवड्यात क्लासमधल्या पोरी माझ्याकडं तक्रार घेऊन आल्या. बाई, स्टेशनरीच्या दुकानात निळा दोरा मिळंना झालाय, तुमच्या अपार्टमेंटमधल्या काकू सगळा घेऊन जातात. त्यांच्याशी तुम्ही बोला.

मी ज्या वेडाला आळा घालायला निघाले होते, ते मी स्वतः पोरींच्या आज्यांना लावून ठेवलं होतं! पालकसभेला मी बोलायला उभी राहिले, तर पहिल्या रांगेत नातीसाठी आलेल्या मगदूमकाकू. मनगटाला निळा दोरा बांधलेला आणि माझ्याकडं बघून हात जोडलेले. मी हस्ताक्षराचं महत्त्व ह्या विषयावर बोलले आणि खाली बसले.

इथवर सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण डॉक्टरांकडून दुसऱ्या डोळ्याची तारीख आली आणि आत्तींनी साफ नकार दिला.

"पोथी अर्धी ठिऊन मी डोळ्याला हात लावू द्यायचो न्हाय. पुरी हुंदे, मग कवाबी चल."

आमच्याकडच्या जुन्या बायका 'मी जातो, मी करतो' असंच बोलतात, आणि एकदा बोलल्या की तो निकाल असतो. पारायण मोडायचं नाही म्हणजे नाही. ह्यांनी सांगून बघितलं, डॉक्टरांनी फोनवर सांगितलं की आता थांबण्यात शहाणपण नाही, मोतीबिंदू कडक झाला की ऑपरेशन अवघड होतं. आत्ती ढिम्म. मी म्हटलं, पळवू वाचन. दप्तरांतूनच मिळवलेले तीन आणि चार मी दोन-दोन अध्याय धरून संपवत आणले. आणि चौथ्याचं शेवटचं पान काय निघावं? अन्वी तळ्यात उडी मारते, पाणी मिटतं, आणि खाली लिहिलेलं, पुढील भाग लवकरच.

लवकरच म्हणजे कधी? ते त्या लेखिकेलाही माहीत नसावं. इथं माझ्या सासूचा डोळा जायची वेळ आलेली. एका थट्टेपायी म्हातारीची दृष्टी गेली तर मी त्या घरात तोंड कसं दाखवणार होते?

मग मी ठरवलं, शेवट आपणच करायचा. मराठीची बाई आहे मी, काय अवघड आहे? सकाळी बसून चांगला अध्याय लिहिला. अलंकार घातले, दोन सुभाषितं घातली. दुपारी लाल फडक्यात कागद ठेवून वाचला. अन्वीला पाण्यात उपरती होते, देव तिला संसाराचा उपदेश करतो, ती घरी परत येते, आईची क्षमा मागते, बारावीला चांगल्या मार्कांनी पास होते आणि बी.एड. करते. समाप्त.

आरतीला कुणी उठेना. शेवटी मगदूमकाकू हळूच म्हणाल्या, "देवानं एवढं सगळं केलं ते बी.एड.साठी?"

आत्तींनी मान हलवली. "पान चुकलं असंल तुझं. नीट बघून उद्या परत वाच."

माझं आजवरचं एकमेव साहित्य तिथं असं बारगळलं. दुसऱ्या दिवशी मला सांगावं लागलं की पोथीचा शेवटचा खंड छापखान्यात आहे. बायका म्हणाल्या, थांबतो की. डोळाही थांबला.

महिन्याभरानं पाचवा भाग आला. पुस्तकाच्या दुकानापुढं सकाळपासून पोरींची रांग. मी स्कूटी लांब लावली, तोंडाला स्कार्फ गुंडाळला, गॉगल चढवला. आपल्याकडं गाडीवरच्या सगळ्या पोरी तशाच असतात, नवऱ्यालासुद्धा बायको ओळखू येत नाही. मान खाली घालून रांगेत उभी राहिले. सगळं झकास चाललं होतं. दुकानाचं शटर वर गेलं आणि पोरींनी जो काही गलका केला, ढकलाढकली केली, की माझ्या तोंडून सवयीनं गेलंच.

"रांगेत नीट उभ्या राहा! काय बाजार आहे का हा?"

अख्खी रांग क्षणात सरळ झाली. आणि मग एकेक मान मागं वळली. पुढं सगळा माझाच क्लास उभा होता. जिचा भाग एक मी जप्त केला होता तीही होती. आणि तिच्या पुढं, शाळेला म्हणून घरातून निघालेली आमची सई.

सईनं माझ्या तोंडावरचा स्कार्फ बघितला, मनगटाचा दोरा बघितला.

"आई, तू कशाला घेतीस?" ती म्हणाली. "मी घेतेच आहे. घरात एक पुरे."

मला वाटलं आता धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. पण राजारामपुरीतले रस्ते एरवी उखडलेले असतात, नेमके त्या दिवशी शाबूत होते. मी शाळा बुडवल्याचं बोलले नाही, तिनं बाकीचं विचारलं नाही, आणि पुस्तक घेऊन आम्ही दोघी एकाच गाडीवरून घरी आलो. वाटेत मी तिला सगळं सांगितलं. ती मागं बसून इतकी हसली की गाडी हलत होती.

पाचवा भाग मी एका बैठकीत वाचून काढला. अन्वी कायमची पाण्यात राहते. आपलं घर, आपली माणसं ती तळ्याच्या काठावर येऊन लांबून बघते. वाचताना मी दोनदा थांबले, ते काही नाटक नव्हतं. बायका पदरानं डोळे पुसत होत्या. आत्ती म्हणाल्या, लेक सासरला गेली म्हणायची. मग आरती झाली, अळणी खिचडीचा प्रसाद झाला, आणि त्या उठून म्हणाल्या, चला, डाक्टरला फोन लावा.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात वेळेत आलात. मी दवाखान्याच्या बाकावर बसून रडून घेतलं आणि ठरवलं की ह्यापुढं पुस्तकांच्या वाटेला जायचं नाही. चारही जप्त भाग ज्यांचे त्यांना परत देणार होते. पण ते राहिलं, आणि तिथंच घात झाला.

चष्मा आल्याच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी क्लासवरून घरी आले. आत्ती सोफ्यावर पाय घेऊन बसलेल्या. मांडीवर लाल फडकं पसरलेलं, नाकावर नवा चष्मा, आणि हातात भाग एक. कव्हरवरचा ओला जलराज माझ्याकडं बघतोय. बोट ओळीवरून हळूहळू सरकतंय.

मी जाऊन त्यांच्या पुढ्यात खाली बसले. चुकलं म्हटलं, फसवायचं मनात नव्हतं म्हटलं, तुमच्या डोळ्याशी खेळ झाला म्हटलं. काय काय बोलले देव जाणे. त्यांनी बोट न उचलता दुसऱ्या हातानं मला गप्प राहायची खूण केली. पान संपवलं. उलटलं. पुढचंही संपवलं. मग चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. राग नव्हता हो चेहऱ्यावर. राग असता तर मी सोसला असता.

"किती झ्याक लिवलंय गं पोरीनं," त्या म्हणाल्या. "तू वाचत हुतीस तवा मला सारखी झोप लागायची. म्हणलं, सूनबाईनं कधी न्हवं ते पोथी धरलीया, मोडू ने तिचं मन, म्हणून बसत हुतो."



त्यांनी पानात बोट घालून पुस्तक मिटलं आणि माझ्या डोक्यावरून मायेनं हात फिरवला.

"एक विचारू का गं? तुझ्याकडं मराठी शिकाय पोरं येत्यात न्हवं, त्यांचं कसं व्हायचं?"